सरळ रेघेवरची चितळं

मी जंगलात चितळं मोजायला चालले आहे असं सांगितलं, तेव्हा आई मिरचीच्या सातऱ्यावरून नुकतीच घरी आली होती. सातरा म्हणजे आमच्या मौद्याकडे मिरच्या वाळवून, देठ खुडून पोत्यांत भरतात ती मोकळी जागा. आई तिथं देठ खुडायला जाते. हात चोळून चोळून धूत तिनं विचारलं, "काहून वं, उभे राहतात का ते मोजाले?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता परत आल्यावर देता येईल असं वाटतं. शेजारच्या बायकांनी विचारलं, माझ्या जुन्या शाळेतल्या मुलींनी विचारलं. आमच्यापैकी फार कुणी जंगलात राहायला गेलेलं नाही. जंगल आमच्यापासून लांब नाही, पण तिकडे जायचं ते जीपमध्ये बसून वाघ बघणाऱ्यांनी, अशी आमची समजूत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बाबा वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करतात. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पोरगी करणार काय, हा प्रश्न घरात तीन वर्षं पाहुण्यासारखा मुक्कामाला होता. नागपूरच्या आमच्या मॅडमनी मला वन्यप्राण्यांच्या गणनेत मदतनीस म्हणून घेतलं आणि तो प्रश्न निदान काही दिवसांसाठी उठून गेला. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. तितकेच उपकार नववीला भूमिती शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. एखाद्या बिंदूपासून रेषेवर टाकलेला लंब काढायला त्यांनी इतक्या वेळा लावला, की तेव्हा कंटाळा आला होता. जंगलात रोज सकाळी तोच लंब कामाला आला.

कुटीवर

नागपुरातून सामान घेऊन निघाले. कामठीला फैजान बसमध्ये चढला. तो कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे. त्याच्या घरी पॉवरलूम आहे, आणि बारीक आवाज ऐकू येत नाही असं तो स्वतःच सांगतो, लहानपणापासून मागांच्या खडखडाटात झोपल्यामुळे. जंगलात कान लागतात, मग तू काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू ऐक, मैं देखूंगा. वाटून घेऊ."

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेवटी वनखात्याच्या गाडीनं आम्हाला एका लहानशा सिमेंटच्या घरापाशी सोडलं. त्याला संरक्षण कुटी म्हणतात. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते का हे पुढे कळेल. मार्च अर्धा झाला होता. पळस पेटलेले, मोहाची फुलं पहाटे टपटप पडायची, आणि ती वेचायला गावातल्या बाया टोपल्या घेऊन यायच्या.

कुटीची कारभारीण म्हणजे उज्ज्वलाताई मडावी. वनरक्षक. खाकी गणवेश, पायात जाड बूट, केसांत प्लास्टिकचं लाल फूल. तीस-बत्तिशीच्या असतील. जंगलाचा तो तुकडा, म्हणजे त्यांचं बीट, त्या एकट्या सांभाळतात. सोबतीला गणपतभाऊ नावाचे वनमजूर, वयानं आमच्या बाबांएवढे. ताईंनी आम्हाला चहाबरोबर मोहाचे लाडू दिले. वाळलेली मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटलेली. आमच्याकडे मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. मी आधी भीतभीत खाल्ला आणि मग तीन खाल्ले. जेवायला भात, लाखोळीची डाळ, वांगं आणि सुकटीची चटणी. आमच्या घरी पाहुण्याला पहिल्या दिवशी सुकट वाढत नाहीत, वास येतो म्हणून लाजतात. ताई म्हणाल्या, घरच्यासारखं राहायचं असेल तर घरच्यासारखं खा.

मोजणी म्हणजे काय

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर.

चितळं उभी राहत नाहीत. सगळी मोजताही येत नाहीत. म्हणून जंगलात नकाशावर एक सरळ रेघ आखतात. तिला सगळे लाइन म्हणतात. उजाडताना त्या लाइनीवरून सावकाश, न बोलता चालायचं. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर, जे दिसेल ते किती आहेत, आपल्यापासून किती अंतरावर आहेत आणि कोणत्या दिशेला आहेत, हे टिपायचं. अंतर मोजायला दुर्बिणीसारखं एक यंत्र असतं आणि दिशेला होकायंत्र. त्यावरून जनावर लाइनीपासून काटकोनात किती दूर होतं ते निघतं. तोच सरांचा लंब.

यावरून सगळ्या जंगलाची चितळं कशी कळणार? हे मला मिरचीमुळे समजलं. मिरचीच्या वावरात आपण एका ओळीतून तोडत चाललो, तर पायाजवळच्या झाडावरची एकही लाल मिरची नजरेतून सुटत नाही. शेजारच्या ओळीतल्या काही सुटतात. चार ओळी पलीकडच्या बऱ्याच सुटतात. किती लांबवर किती दिसल्या हे प्रामाणिकपणे मोजलं, तर न दिसलेल्या किती असाव्यात याचा अंदाज बांधता येतो. मोजणी दिसलेल्यांची असते आणि हिशोब न दिसलेल्यांचा.

पण त्याला एक अट आहे. ओळ आपण निवडायची नाही. जिथं लाल दिसतंय तिकडे वळलो, की सगळं वावर लालच आहे असं वाटणार. लाइन नकाशावर पडेल तिथून जायचं. मध्ये नाला आला तर नाला, खडक आला तर खडक.

सकाळची चितळं

पहिल्या सकाळी ताई पुढे, मी मध्ये, फैजान मागे, असे आम्ही निघालो. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. माझ्या बुटांचाच आवाज मला मोठा वाटत होता. मग एका उताराच्या खाली ताईंनी हात वर केला. समोर चितळांचा मोठा कळप. काही माद्या, एक शिंगांवर मखमल चढलेला नर, आणि उगाच इकडून तिकडे पळणारी पाडसं. घाईत यंत्र डोळ्याला नीट लागेना. फैजाननं हळूच माझ्या कोपराला आधार दिला. मोजलं, टिपलं. थोडं पुढे आणखी एक कळप. मग सांबर.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. रात्री फैजान म्हणाला, अशी नोकरी असेल तर आपण माग विकून टाकू. ताई खूश होत्या. त्या चहात साखर जास्त घालू लागल्या.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. लाइन दोन किलोमीटरची, मागच्या मोजणीपासून ठरलेली. जनावरं सगळी एकाच उताराजवळ. बाकी रेघ कोरी. दुसऱ्या कुणाच्या हे आधीच लक्षात आलं असतं, मला तीन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी परत येताना मी उताराशी थांबून झाडीत शिरले. लाइनीपासून थोड्याच अंतरावर जमिनीत उथळ खड्डा खणून त्यात निळी ताडपत्री अंथरली होती. त्यात पाणी. काठावर मिठाची ढेप ठेवलेली, चाटून चाटून गुळगुळीत झालेली. भोवती खुरांचा चिखल.

गणपतभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले. लपवण्याचं काहीच नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. उलट ते सांगण्याची वाटच पाहत असावेत.

"होळीच्या आधीपासून भरून राहिलो ना मी. ट्रॅक्टरनं पाणी आणलं. तुम्ही शहरातून एवढ्या दूर येणार, अन् काही न पाहता जाणार का? बरं दिसते का ते?"

आमच्याकडे मुलगी बघायला येणार म्हटलं की भिंतींना चुना लागतो, शेजाऱ्यांच्या खुर्च्या येतात. यांनी जंगलाला चुना लावला होता. मनात कुठलंही पाप नव्हतं. पण पाण्यावर आसपासची सगळी चितळं गोळा झालेली, आणि त्यांच्यामधून आमची लाइन. त्या हिशोबानं सारं बीट चितळांनी भरलेलं निघालं असतं.

ताई

मी कुटीवर येईपर्यंत दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. न सांगणं सोपं होतं. आकडे सुंदर होते. मॅडम खूश झाल्या असत्या, ताईंचं नाव झालं असतं, मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं असतं. सांगितलं तर जिच्या हातचं तीन दिवस जेवले तिचीच मी तक्रार करणार. पण जे नाही ते आहे असं लिहायला मी शिकले नव्हते. माझ्या शिक्षणासाठी आईनं मिरचीनं बोटं भाजून घेतली होती ती यासाठी नव्हे.

ताई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "ताई, पाण्याचं मी मॅडमला सांगणार आहे. तुमच्या मागून सांगायचं नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते."

त्यांनी वर पाहिलं नाही. "सांग. तुही नोकरी नवी आहे, तुले घाई असंनच."

फैजान बाहेर जाऊन उगाच बादली घासू लागला. ताईंनीच पुन्हा तोंड उघडलं. मागच्या मोजणीत त्यांचं बीट सगळ्यात खाली होतं. बैठकीत नावं वाचली गेली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, तिथं जंगल आहे की गायरान. लोक हसले. त्या एकट्याच बाई होत्या त्या खोलीत. चितळं कमी म्हणजे गार्ड झोपते, गार्ड झोपते म्हणजे शिकार होते, असं लोक धरून चालतात. त्यांच्याही घरात सरकारी नोकरीत आलेल्या त्या पहिल्या. गावातल्या पोरी त्यांच्याकडे बघून भरतीसाठी पहाटे धावतात.

"मी झोपत नाही वं," त्या म्हणाल्या. "एवढंच म्हणणं आहे माहं. तुह्या त्या यंत्रात ते कुठं दिसते?"

मी एवढंच विचारलं की चितळं खरोखर कमी असतील तर कशामुळे. त्या म्हणाल्या, खायला काय आहे इथं? गवताच्या जागी सगळा रायमुनिया. रायमुनिया म्हणजे ती काटेरी झुडपं, लाल-पिवळ्या बारीक फुलांची, जी आपल्याकडे रेल्वेरुळाच्या बाजूलाही माजतात. त्यांच्याखाली गवत उगवत नाही आणि त्यांचा पाला चितळ खात नाही. ती काढायला माणसं द्या म्हणून त्यांनी दोनदा मागणी केली होती.

मी म्हणाले, "मग आपण बीट भरलेलं दाखवलं तर माणसं कोण देईल?"

त्यांनी तांदळाचं सूप उचललं आणि आत गेल्या.

रायमुनियातून

फोनला रेंज टेकडीवर येते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मी रागावणं अपेक्षित धरलं होतं, त्यामुळे उलट रडू आलं. त्यांनी सांगितलं, पाणी आता आटवू नका, जनावरांची सवय दोन दिवसांत जात नाही आणि उन्हाळा समोर आहे. तीन सकाळींचं टिपण बाजूला काढायचं, ते वापरायचं नाही. त्याच बीटात पाण्यापासून दूर नवी लाइन घ्यायची. त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी टाकल्यासारखी जागा काढली आणि सुरुवातीचा बिंदू आणि दिशा मला सांगितली. वनखात्याच्या परवानगीचे दिवस थोडेच उरले होते. होईल का, असं त्यांनी विचारलं. मी होईल म्हणाले. होईल की नाही ते मला माहीत नव्हतं.

नवी लाइन पडली ती नेमकी रायमुनियाच्या रानात.

लाइन चालायच्या आधी आखावी लागते. होकायंत्र धरून पुढे जायचं आणि झाडांवर रंगाचे ठिपके मारायचे. झुडपं माणूस अंग चोरून जाईल एवढीच बाजूला करायची. रस्ता केला तर जनावरंच तो वापरायला लागतात आणि मोजणी पुन्हा बिघडते. गणपतभाऊंना हे पटेना. ते कोयत्यानं असं मोकळं करत सुटले की फैजान म्हणाला, "भाऊ, बारात घेऊन जायची आहे का?" भाऊ हसले, पण हात आखडता घेतला.

ताई त्या दिवशी आल्या नाहीत. गस्तीला जाते म्हणून निघून गेल्या.

दुपारपर्यंत आमचे हात ओरबाडून निघाले. रायमुनियाचा उग्र वास अंगाला बसला. वाळक्या फांदीनं माझ्या उजव्या बुटाचा तळ उचकटला, तोंड वासल्यासारखा. गणपतभाऊंनी पळसाचं मूळ खणून काढलं, दगडानं ठेचलं, त्याचे धागे वळून दोरी केली आणि बूट करकचून बांधला. तो घरी येईपर्यंत टिकला.

एका ठिकाणी जाळी इतकी दाट होती की पलीकडे उजेड दिसत नव्हता. डावीकडे जरा अंतरावर गुरांची चांगली पाऊलवाट जात होती. फैजाननं त्या वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थोडंसंच वळून पुन्हा लाइनीवर येऊ, कुणाला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. त्यालाही बोलताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. मी म्हणाले, वाटेवर जनावरं वेगळी दिसतात, आत वेगळी. आपल्याला आतली हवी आहेत. आणि मी गुडघ्यांवर बसून आत शिरले. खरं सांगायचं तर मला फार धीर होता असं नाही. टेकडीवरून होईल म्हणाले होते, तेवढंच डोक्यात होतं.

आत रांगताना पलीकडून कोयत्याचा आवाज आला. खट, खट. जाळी हलली आणि फटीतून खाकी बाही दिसली. उज्ज्वलाताई लाइनीच्या दुसऱ्या टोकाकडून आखत येत होत्या. गस्तीवरून त्या थेट तिकडे गेल्या होत्या. मला चारही पायांवर पाहून त्या म्हणाल्या, "काय करून राहिली वं? अस्वल होशील अशानं."

पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. घामानं भिजलेल्या रुमालात बांधलेली भाकर त्यांनी काढली आणि चौघांत मोडली.

कोऱ्या सकाळी

नव्या लाइनीवर पहिल्या सकाळी एक रानकोंबडा ओरडला, पण तो आमच्या मोजणीत येत नाही. बाकी काही नाही. टिपणात तारीख, वेळ, आणि खाली काही नाही. काहीच न दिसणं हेही टिपायचं असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. करून पाहताना छातीत पोकळ वाटतं. दुसऱ्या सकाळी रानडुकरांचा एक लहान कळप. तिसऱ्या सकाळी एक चितळाची मादी, एकटीच, मान वर करून आमच्याकडे बघत उभी. ताईंनी श्वास रोखून मला अंतर घेऊ दिलं. ती गेल्यावरही त्या तिथंच पाहत राहिल्या. माझ्या मनात आलं, तीन सकाळी कळपच्या कळप पाहिले तेव्हा त्यांनी एकाही चितळाकडे असं पाहिलं नव्हतं.

हे लिहीपर्यंत शेवटचा आकडा निघालेला नाही. त्याला वेळ लागतो. आणखी लाइनी आहेत, आणखी बीटं आहेत. आकडा लहान निघेल हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही निघायच्या दिवशी सकाळी मोठे साहेब जीपनं आले. त्या भागाचे अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, तपकिरी बूट, बोलायला चांगले. गणपतभाऊंनी घाईघाईनं खुर्ची आणली. साहेबांनी हसत ताईंना विचारलं की काय मॅडम, यंदा तरी चितळं आहेत ना तुमच्या बीटात.

मी ताईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं मी वाट बघते आहे.

"पयले तीन दिवस लय दिसले साहेब," ताई म्हणाल्या. "मी लाइनीजवळ पाणी ठेवलं होतं, मीठ ठेवलं होतं. पाहुणे येणार म्हणून. ते मोजायचं नसते, हे मले माहीत नव्हतं. ते तीन दिवस यायनं काढून टाकले. नव्या लाइनीवर कमी आहेत. जे दिसले तेच लिहिले."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते माझ्याकडे वळून काही विचारणार होते, पण ताईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"कमी काहून आहेत ते दाखवते. चला तुम्ही. जीप नाही जात तिथं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढे बैठक आहे म्हणाले. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्चीवरून उठले. आम्ही एकामागे एक निघालो. ताई पुढे, त्यांच्या मागे साहेब, मग मी आणि फैजान. सुरुवातीच्या ठिपक्यापासून थोडं आत गेल्यावर रायमुनिया दोन्ही बाजूंनी जवळ आला. साहेबांच्या इस्त्रीच्या बाहीत काटा अडकला. त्यांनी तो सोडवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि डावीकडच्या गुरांच्या मोकळ्या पाऊलवाटेकडे पाय टाकला.

ताई जाळीच्या तोंडाशी वाकून उभ्या होत्या. एका हातानं त्यांनी फांद्या वर धरल्या होत्या.

"तिकडून नाही साहेब," त्या म्हणाल्या. "लाइन इकडून जाते."